आठवी भेट

ही गोष्ट एकोणीसशे शहाऐंशी सालची. परीक्षेचा महिना होता. समाजकार्याच्या महाविद्यालयात या महिन्यात समाजाकडे कोणाचंच लक्ष नसतं, सगळ्यांच्या माना कागदात असतात.

क्षेत्रकार्याच्या बाईंना तेव्हा सत्तेचाळीसावं लागलं होतं आणि एकवीस वर्षं त्या एकच काम करत होत्या. मुलंमुली आठवड्यातले दोन दिवस दवाखान्यात, वस्तीत, कोणाच्या ना कोणाच्या घरी जायची आणि परत येऊन लिहायची: मी काय बोललो, ते काय बोलले, तेव्हा माझ्या मनात काय आलं. ते सगळं बाईंनी वाचायचं आणि समासात लाल शाईने शेरा मारायचा. 'इथे घाई झाली.' 'इथे नुसतं ऐकायला हवं होतं.' 'हा प्रश्न की उलटतपासणी?' सुरुवातीला एकेका शेऱ्यावर त्या अर्धा अर्धा तास घालवत. आता हात आपोआप चालायचा. दुसऱ्यांची दुःखं, तीही विद्यार्थ्यांच्या अक्षरात, एकवीस वर्षं वाचली की वाचणाऱ्याचं काय होतं, ते कोणत्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं. बाईंचं असं झालं होतं, की रडणाऱ्या माणसाबद्दल वाचताना त्यांना आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसायचं.

त्यांची खोली म्हणजे व्हरांड्याचा फळ्या ठोकून अडवलेला तुकडा. एक टेबल, दोन खुर्च्या आणि गुडघा लावल्याशिवाय न मिटणारं लोखंडी कपाट. पलीकडे टंकलेखनाची खोली होती, त्यामुळे आत बसून कोणी रडलं तरी बाहेर नुसती टकटक ऐकू यायची. एका परीने सोयच होती.

महाविद्यालयाचं नाव होतं ते 'आठ भेटीं'मुळे. खरं नाव मालगाडीएवढं लांब, 'अल्पकालीन ध्येयकेंद्री व्यक्तिसहाय्य प्रतिमान', पण एवढं म्हणेपर्यंत चहा गार व्हायचा म्हणून सगळे आठ भेटीच म्हणत. पहिल्या दोन भेटींत विश्वास मिळवायचा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत अडचण त्या माणसाच्याच शब्दांत मांडून घ्यायची. पाचव्या-सहाव्या भेटीत जमतील अशी छोटी ध्येयं ठरवायची. सातव्या भेटीत त्याचं बळ त्याच्याच हाती द्यायचं आणि आठव्या भेटीत निरोप घ्यायचा. वर्गात भिंतीवर तक्ता होता: आठ चौकोन, मध्ये बाण. माणूस पहिल्या चौकोनात मोडका शिरायचा आणि आठव्यातून धडधाकट बाहेर पडायचा.

आणि हे खरंच घडतं याचा पुरावा म्हणून नमुना केस होती. सायक्लोस्टाइलची सतरा पानं, नाव 'शिलाईवाली'. नवरा गेल्यावर घराबाहेर पडणं सोडलेली, मशिनीवर चादर टाकून बसलेली एक बाई आणि तिच्याकडे जाणारी बावीस वर्षांची विद्यार्थिनी. सातव्या भेटीला ही विद्यार्थिनी आपल्या पोलक्याची बाही मुद्दाम ब्लेडने उसवून घेऊन जाते आणि 'एवढं शिवून द्याल का?' म्हणून पुढे करते. शिलाईवाली सुई हातात घेते. आठव्या भेटीला मशिनीवर शाळेचे गणवेश चढलेले असतात आणि ती दाराशी येऊन हसून निरोप देते. दर वर्षी वर्गातली दोन-चार मुलं हे वाचताना डोळे पुसायची. विभागप्रमुखांनी तर आपल्या पाठ्यपुस्तकाचं पाचवं प्रकरणच्या प्रकरण या केसवर उभं केलं होतं.

ती विद्यार्थिनी म्हणजे बाईच. साल एकसष्ट. आणि सातवी-आठवी भेट मुळात झालीच नव्हती.

सहाव्या भेटीनंतर शिलाईवालीने दार उघडलं नव्हतं. आतून एवढंच म्हणाली होती, "पोरी, तू चांगली आहेस. पण आता येऊ नकोस. बोलून बोलून दमले मी." परीक्षेला नऊ दिवस उरले होते आणि दोन चौकोन रिकामे. वसतिगृहाच्या कॉटवर बसून बावीस वर्षांच्या मुलीने दोन भेटी मनाने लिहून काढल्या. इतक्या चांगल्या उतरल्या, की लिहिता लिहिता तिचं तिलाच रडू आलं. तेव्हाच्या प्राचार्यांनी तो अहवाल वर्गात वाचून दाखवला, मग प्रती काढायला त्याची स्टेन्सिल कापली गेली. त्याच अहवालाच्या जोरावर पुढे बाईंना इथे नोकरी लागली. सांगू, सांगू म्हणत राहून गेलं. पहिली पाच वर्षं भीतीने, पुढची पाच लाजेने आणि नंतर नुसत्या कंटाळ्याने.

तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने तशीच, आणि प्रश्नही टोचणारे. मोठ्या भावाने तिला शिकायला दोन वर्षं दिली होती, मोजून. क्षेत्रकार्यात नापास म्हणजे पुन्हा वर्ष, आणि पुन्हा वर्ष म्हणजे हिच्यापुरतं घरी परत. हे तिला माहीत होतं, वर्गाला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं.

टाचणीकडे केस होती घड्याळवाल्या काकांची. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बायको गेली, तेव्हापासून दुकान बंद, हत्यारं फडक्यात गुंडाळून फळीवर. माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसलेला. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने नाव कळवलं होतं. पाच भेटी सुरळीत झाल्या. सहाव्या भेटीत काका टाचणीबरोबर जिना उतरून खालच्या बाकावर दहा मिनिटं बसलेही. टाचणीने सातव्या भेटीच्या आदल्या दिवशी नमुना केस पुन्हा वाचली आणि आपल्या गजराच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून आत कात्रीचं टोक फिरवलं.

सातव्या भेटीचा अहवाल बाईंनी तीनदा वाचला. त्यात असं लिहिलं होतं:

'काकांनी हत्यारं खाली काढली. डोळ्याला भिंग लावलं. हात अजिबात थरथरत नव्हता. बराच वेळ आत बघितलं. मग घड्याळ दुरुस्त केलं, चावी दिली, माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, पडलेलं घड्याळ असं मोडत नाही. आत कात्री घातलेली आहे, ओरखडा ताजा आहे. मी म्हातारा झालोय, मूर्ख कधी झालो? त्यांनी दार उघडून धरलं आणि मी बाहेर आल्यावर लावून घेतलं. मी नमुन्याप्रमाणेच केलं होतं. चूक माझी, की नमुन्याची?'

बाईंनी लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. ब्लेडने कापलेली शिवण आणि झिजून उसवलेली शिवण यातला फरक शिलाईवालीला एका नजरेत कळला असता. हे त्यांच्या इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं. यायला त्या भेटीला गेल्याच कुठे होत्या?

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं. मुलं त्यांना चौकटसर म्हणत, कारण कोणतीही गोष्ट 'सैद्धांतिक चौकटीत' बसवल्याशिवाय त्यांना ती दिसत नसे.

"बाई, ही तुमची टाचणी आठवी भेट देणार नाही म्हणते."

"दार बंद झालंय, सर."

"बंद दाराशीही भेट होते. समारोप नसेल तर अहवाल अपूर्ण, आणि अपूर्ण म्हणजे नापास. नियम काही मी केलेला नाही."

नियम त्यांनीच केला होता, बहात्तर साली.

"मी काही राक्षस नाही," चौकटसर चष्मा पुसत म्हणाले. "दोन पानांचा प्रश्न आहे. तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल. आणि ते शेवटचं वाक्य, नमुन्याची चूक वगैरे, तेवढं काढायला सांगा. बाहेरचे परीक्षक वाचतात. गुरुवारी बारापर्यंत द्या म्हणावं."

"काय लिहायला सांगू?"

"आता हे मी तुम्हाला शिकवू?" ते हसले. चेष्टा नव्हती त्यात, कौतुकच होतं. म्हणून जास्त लागलं.

दुपारी टाचणी येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. बाईंनी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. गुरुवार, बारा वाजता, दोन पानं.

"पण बाई, लिहू काय? ते आत, मी बाहेर."

"जे घडू शकलं असतं ते लिही."

वाक्य तोंडातून गेलं आणि बाईंनाच ते ओळखीचं वाटलं. टाचणी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती टेबलाच्या कडेचा टवका नखाने उकरत होती.

"माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "त्या मुलीने बाही उसवली तर त्या बाईने सुई घेतली. मी तेच केलं तर दार लागलं. म्हणजे तिच्याकडे काहीतरी होतं, जे माझ्याकडे नाही. मग कशाला लिहायची ती दोन पानं? पास झाले तरी मी पुढे कोणाच्या तरी घरात जाऊन असंच काहीतरी मोडून येणार."

पलीकडे टकटक चालू होती. बाई म्हणाल्या, "उद्या ये." त्याहून जास्त त्यांच्याच्याने झालं नाही.

घरी ताई होती. बाईंची थोरली बहीण, नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका, नवरा गेल्यापासून धाकटीकडेच. खोट्या भेटींची गोष्ट जगात तिला एकटीला ठाऊक होती. बाईंनी पिशवी ठेवली, बूट काढले आणि खुर्चीत बसून राहिल्या.

"कोण मेलं?" ताईने भाजी चिरता चिरता विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. ताईची सुरी थांबली नाही.

"म्हणजे म्हाताऱ्याचा अपमान झाला, पोरीचं वर्ष चाललं आणि तुम्ही दोघं मिळून तिला सांगताय, खोटं लिही. झकास. समाजाचं कार्य म्हणतात ते हेच का?"

"आता बोलले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"आजवर दाखवून काय मिळवलंस? आरशातसुद्धा बघत नाहीस तू. भांग वाकडा असतो रोज."

बाईंना हसू आलं, आणि त्यातच डोळेही भरले.

"अगं, पंचवीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "इतक्या जुन्या गोष्टीला हात घालायची ताकदच नाही उरली. मी दमलेय, ताई."

"दमलीस ते त्यानेच." ताईने भाजी ताटात ढकलली. "आमच्या वॉर्डात एक डॉक्टर होता. एकाला चुकीचं औषध गेलं. बोलला नाही. रोगी वाचला, कोणाला कळलंही नाही. पण पुढे प्रत्येक चिठ्ठी तो चार चारदा तपासायचा, आणि तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. आम्हाला वाटायचं, केवढा काटेकोर माणूस." ती थांबली. "ऊठ, तोंड धू. भाजी तुलाच टाकायची आहे, माझे पाय दुखतायत."

सकाळी टाचणी आली तेव्हा बाई उभ्याच होत्या. बसलं तर पुन्हा उद्यावर जाईल, याची त्यांना भीती होती.

"नमुन्यातली ती मुलगी मी," त्या म्हणाल्या. "आणि सातव्या भेटीला कोणी बाही उसवली नाही. त्या बाईने सहाव्या भेटीनंतर दार उघडलंच नाही. पुढचं मी मनाने लिहिलं."

टाचणी हळूच म्हणाली, "बाही पण?"

"बाही पण."

"गणवेश?"

"ते सुद्धा."

"आणि दर वर्षी तुम्ही ते आम्हाला शिकवत होता."

"हो."

बाईंना वाटलं होतं, मुलगी रडेल, नाहीतर सुटल्यासारखी होईल. तसं काहीच झालं नाही. तिचा चेहरा कोरडा झाला.

"मला बरं वाटायला हवं ना आता?" ती म्हणाली. "चूक माझी नव्हती म्हणून. पण काकांचं काय? त्यांना तर मीच मूर्खात काढलं. त्यांना तुमची स्टेन्सिल कुठे माहीत आहे?"

बाईंनी कपाटावरची छत्री घेतली आणि गुडघ्याने कपाट लावलं. "चल," त्या म्हणाल्या. "आठवी भेट आपण दोघी करू."

तीन मजले चढताना बाईंना दोनदा थांबावं लागलं. दारावर रंगाचे पोपडे आले होते. टाचणीने कडी वाजवली, आपलं नाव सांगितलं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"काका," बाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "मी हिची शिक्षिका. त्या घड्याळात हिचा दोष नाही. तसं करायचं असतं, असं मी हिला शिकवलं होतं."

शेजारच्या दारातून एका बाईने डोकावून बघितलं आणि डोकं आत घेतलं.

"तुम्हाला कोणी शिकवलं?" आतून आवाज आला.

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "कोणी नाही. मी ते मनाने लिहिलं होतं. खरं समजून सगळे शिकत गेले."

"करून बघितलं होतंत कधी?"

"नाही."

म्हातारा आत खोकला. "घड्याळ न उघडता दुरुस्तीचं पुस्तक लिहिणारे पाहिलेत मी," तो म्हणाला. "पोरगी आहे का तिथे?"

"आहे, काका," टाचणी म्हणाली.

"घड्याळ चालतंय?"

"चालतंय. रोज दोन मिनिटं पुढे जातं."

"जाणारच. चाकाला बाक आलाय, तो आता निघायचा नाही. तुला आठवड्यातून एकदा मागे घ्यावं लागेल." थोडं थांबून म्हणाला, "माझा राग तुझ्यावर नाही. पण आता पुरे झालं. जा."

"परत कधी..."

"नको."

दार उघडलं नाही. दोघी तिथे अजून दोन-तीन मिनिटं उभ्या राहिल्या, का ते दोघींनाही सांगता आलं नसतं. मग जिना उतरल्या.

टाचणीने गुरुवारी सकाळी अहवाल दिला. आठवी भेट पाऊण पानाची होती. दाराबाहेर जे बोलणं झालं ते जसंच्या तसं, बाईंचं वाक्य न वाक्य, 'खरं समजून सगळे शिकत गेले' यासकट. सातव्या भेटीचं शेवटचं वाक्य तिने काढलं नव्हतं. पानाच्या तळाशी मार्गदर्शकाच्या सहीची रेघ होती. ती सही असेल तर अहवाल पूर्ण, नसेल तर रद्दी.

"तुमचं नाव घातलंय," ती म्हणाली. "नको असेल तर आत्ताच सांगा."

"नको तर आहेच," बाई म्हणाल्या. सही केली आणि तारीख टाकली. पेन निळं घेतलं होतं की लाल, ते नंतर त्यांना आठवेना.

बारा वाजता त्या स्वतः ते पान घेऊन चौकटसरांकडे गेल्या. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं.

"बाई, हे तुम्ही मला एकट्याला सांगितलं असतंत, तर मी तिला तसंही पास केलं असतं."

"माहीत आहे, सर."

"मग?"

"तिने विचारलं होतं, चूक कोणाची. तुम्ही विचारलं नव्हतंत."

"नमुना खरा असावा लागतो असं थोडंच आहे? उपयोगी असला म्हणजे झालं."

"उपयोगी पडला नाही ना," बाई म्हणाल्या आणि परवानगी न विचारता समोरच्या खुर्चीत बसल्या. चौकटसरांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्या अर्ध्या तासात ते आणखी काही बोलले नाहीत. पण पेला सरकवला, हेही खरं.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर असं झालं. टाचणीला तोंडी परीक्षेत बरोबर पासापुरते गुण मिळाले, एकही जास्त नाही. चौकटसरांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा पाचवं प्रकरण गाळलेलं होतं आणि सहाव्यालाच पाचवं म्हटलं होतं. का, हे कोणीही विचारलं नाही. निवृत्तीनंतर ते मुलीकडे राहायला गेले, तिथेच वारले.

बाईंकडून क्षेत्रकार्य काढून घेतलं. त्यांना समाजकार्याचा इतिहास शिकवायला दिला, सगळ्यांना झोप येणारा विषय. त्यांनी तो अकरा वर्षं शिकवला. मुलं झोपली तर उठवत नसत. मधल्या एका सुट्टीत त्या शिलाईवालीचं घर शोधायला गेल्या होत्या. तिथे गोदाम झालं होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, ती पुढे एका इस्पितळात चादरी शिवायला लागली होती. मग म्हणाला, नाही, ती बहुतेक दुसरीच. बाईंनी खोदून विचारलं नाही.

घड्याळवाल्या काकांनी महाविद्यालयाच्या कोणालाही पुन्हा दार उघडलं नाही. पण त्या हिवाळ्यात परिचारिकेने कळवलं, की ते एकटेच जिना उतरून खालच्या बाकावर बसतात. आठ भेटींमुळे, की आठ भेटी संपल्या म्हणून, ते देव जाणे. आणखी सहा वर्षं जगले.

ताई ब्याण्णव साली गेली, चार दिवसांच्या तापाने, शेवटपर्यंत सलाईन लावणाऱ्या मुलीच्या चुका काढत.

टाचणी एका मोठ्या इस्पितळाच्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात लागली आणि तिथेच राहिली. तिच्या हाताखाली विद्यार्थी येतात. त्यांना ती आठ चौकोनांचाच तक्ता देते. म्हणते, दुसरं काही हाती येईपर्यंत हा बरा आहे, फक्त आठही भरलेच पाहिजेत असं नाही. बाई होत्या तोवर वर्षातून एक पत्र यायचं. ख्यालीखुशाली, वॉर्डातली एखादी गंमत आणि खाली 'तुमची विद्यार्थिनी'. मनापासून लिहायची की सवयीने, ते बाईंनी कधी विचारलं नाही.